के फॉर नी

गेल्या रविवारी पुण्याहून नातीचा फोन. "आजी, मला के चे दहा शब्द हवेत. पण काइट, किंग, की आणि कँगारू सोडून. ते सगळ्यांकडे असतात."

दुसरीतली मुलगी, इंग्रजी माध्यम. मी म्हटलं, "घे लिहून. नाइफ. नी. नॉट म्हणजे गाठ. नॉक. निट म्हणजे विणणं."

पलीकडे जरा शांतता, मग खुदकन हसू. "आजी, तू पण ना! ते सगळे न चे आहेत. मला के चे हवेत!"

मग तिला एकेक स्पेलिंग सांगितलं. नाइफला आधी के. नीला आधी के. ती गप्प झाली आणि मग अगदी वकिलासारखा प्रश्न टाकला, "म्हणायचा नसेल तर लिहायचा कशाला?"

मंडळी, हाच प्रश्न मला वयाच्या ४९ व्या वर्षी पडला होता. कसा, ते सांगते.

आमचं शिक्षण सगळं मराठीतून. पाचवीत एबीसीडी, अकरावीची जुनी एस.एस.सी., मग डी.एड., आणि नोकरी करता करता शिवाजी विद्यापीठाची बाहेरून बी.ए., विषय मराठी. इंग्रजीशी संबंध पास होण्यापुरता. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वडिलांनी आणून दिली होती, ती मी वाचण्यापेक्षा उशाला जास्त घेतली. सांगलीतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत लागले आणि पहिली-दुसरीला शिकवत राहिले. कुणाला माझ्या इंग्रजीची गरज पडली नाही आणि मलाही नाही.

आणि जून २००० मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं.

निर्णय चांगला की वाईट यावर तेव्हा पुष्कळ शाई खर्च झाली. मी त्यात पडत नाही. माझ्यापुरता प्रश्न असा होता, की सोमवारी वर्गात ५५ पोरं "बाई, बाई" करत बसलेली असणार आणि त्यांच्यासमोर मी इंग्रजीत तोंड उघडायचं. पोटात गोळा आला. खोटं कशाला सांगू, स्वेच्छानिवृत्तीचा विचार मनात येऊन गेला. मुलाचं इंजिनिअरिंग चालू होतं म्हणून तो तिथेच थांबला.

तेव्हा आमच्या ह्यांनी मला हाताशी धरलं. हे आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. मिरज जंक्शनला ड्यूटी. नव्या पिढीला सांगायला हवं, पूर्वी धावत्या गाडीच्या टपालाच्या डब्यात रात्रभर उभं राहून ही मंडळी पत्रं निवडायची. समोर भिंतभर खण. हातात पत्र, पत्त्यावर एक नजर, पत्र खणात. डोळा गावाच्या नावावर पडायच्या आत हात निघालेला असायचा. ह्यांचं इंग्रजी काही साहेबी नव्हतं, पण ३७ वर्षं पत्ते वाचून वाचून पक्कं झालं होतं.

त्यांनी पोस्टाची एक जुनी डायरी काढली आणि म्हणाले, "अगं, सगळी थैली एकदम जमिनीवर उलटी केली की माणूस घाबरणारच. एक खण घे. तो भर. मग दुसरा."

म्हणजे एका आठवड्याला एक अक्षर. त्या अक्षराचे रोज पाच शब्द. स्वयंपाक करताना पाठ, रात्री जेवताना परीक्षा. मी ३० वर्षं परीक्षा घेतल्या होत्या, आता देत होते आणि परीक्षक समोर बसून भाकरी मोडत होता!

पहिल्या दोन महिन्यांत एक गोष्ट ध्यानात आली. नुसतं पहिलं अक्षर धरून पाठ केलं की शब्द एकमेकांच्या पायात पाय घालतात. अडॉप्ट आणि अडॅप्ट. अफेक्ट आणि इफेक्टची तर पहिली अक्षरंही निराळी, तरी जुळी भावंडं. माझी फजिती झाली ती क्यू च्या आठवड्यात. मला ताप आला होता आणि हौसेनं रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिला. क्वाइट सिक, म्हणजे बरीच आजारी, असं लिहायचं होतं. ई आणि टी ची जागा बदलली आणि झालं क्वायट सिक. मुख्याध्यापकांनी अर्ज वाचून विचारलं, "बाई, शांतपणे आजारी आहात म्हणता? चांगलं आहे, आमच्याकडे सगळे बोंबलून आजारी पडतात." शिक्षक-खोलीत आठवडाभर हसू. घरी सांगितलं तर हेही हसले आणि पुढची कित्येक वर्षं मी आवाज चढवला की हे म्हणायचे, "क्वायट सिक, बाई, क्वायट सिक."

असो. त्यातून पुढची युक्ती निघाली. खणाच्या आत खण! म्हणजे पहिलं एक अक्षर नाही, पहिली दोन अक्षरं धरायची. ही युक्ती आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती, टपालाच्या कामातूनच आली होती. पण तिथे अशी काही गंमत लपलेली निघाली की मी आजही त्यात रमते.

डब्ल्यू-आर घ्या. डब्ल्यू म्हणायचा नाही, नुसता लिहायचा. रिस्ट म्हणजे मनगट. रिंग, अंगठीची नव्हे, धुणं पिळण्याची. रेंच म्हणजे हिसका, आणि फिटरचा पानाही. रेसल म्हणजे कुस्ती. रॅप म्हणजे गुंडाळणं. रीथ म्हणजे गोल गुंफलेली फुलं. रिंकल म्हणजे सुरकुती. रिगल म्हणजे वळवळणं. बघा बरं एका रांगेत ठेवून! सगळीकडे पीळ आहे, वळण आहे. आणि राँग म्हणजे चूक, त्याचाही मूळ अर्थ वाकडं. आपण नाही का म्हणत, अमक्याचं पाऊल वाकडं पडलं? ह्यांनी मला हे मनगट गोल फिरवून शिकवलं होतं. हात पुढे करायचे, मनगट फिरवायचे आणि म्हणायचे, "रिस्ट." मग हवेत धुणं पिळायचे, "रिंग." मग नट आवळायचे, "रेंच." तोच अभिनय मी वर्गात केला आणि पोरांना शब्द दोन दिवसांत पाठ! राइट म्हणजे लिहिणं मात्र या पिळात बसत नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडणं, कोरणं. आमच्या पहिलीच्या पाट्या पाहिल्या तर तो अर्थ अजून शाबूत आहे असंच वाटायचं.

एस-एन घ्या. स्नीझ, स्निफ, स्नोर, स्नॉर्ट, स्नाउट. शिंकणं, हुंगणं, घोरणं, फुरफुरणं आणि डुकराची सोंड. सगळं नाकाशी. त्यातली स्नीझ तर मुळात एस ची नव्हेच, जुन्या इंग्रजीत ती एफ-एन नं सुरू व्हायची. एफ-एन ची जोडी मागे पडली आणि शिंक या नाकवाल्यांच्या घरात राहायला आली. (स्नो आणि स्नेक नाकाचे नाहीत. नियम म्हटला की अपवाद आलाच, व्याकरणाच्या बाईला हे कुणी सांगायला नको.)

जी-एल मध्ये उजेड. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लिसन, ग्लॉस, ग्लास. ग्लॅड म्हणजे आनंदी, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चकाकणारा असाही होता. आनंदी माणसाचा चेहरा उजळतो, तसंच. आणि त्याच घरात ग्लूम म्हणजे अंधार! आता ग्लव्ह आणि ग्लू यांना प्रकाशाशी काय देणंघेणं, ते तेच जाणोत.

अशा अक्षरजोड्यांना नाव दिलं जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने, १९३० साली. फोनेस्थीम. हा गृहस्थ त्याआधी जवळजवळ दहा वर्षं लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. मला हे निवृत्तीनंतर कळलं. कळल्यावर मी आपल्या मराठीकडे वळले. आपल्याकडे झ मध्ये उजेड आहे की नाही? झगमग, झळाळी, झळकणे, झगझगीत, झिलई. आणि थ मध्ये थांबणं. थांब, थबक, थकणे, थिजणे, थोपवणे. ३० वर्षं मराठी शिकवली आणि हे दिसलं इंग्रजी शिकल्यावर! (झ मध्ये झुरळ आणि झाडूही आहेत, हे ह्यांनी लगेच निदर्शनास आणून दिलं.)

आता नातीच्या प्रश्नाकडे. म्हणायचा नाही तर के लिहायचा कशाला?

तर, पूर्वी म्हणायचे. जुने इंग्रज चक्क "क्न" म्हणत. सतराव्या शतकाच्या सुमारास तो उच्चार गळाला, तोवर छापखान्यांनी स्पेलिंगं बरीचशी पक्की करून टाकली होती. जर्मन लोक अजून गुडघ्याला क्नी म्हणतात. पण खरी गंमत पुढे आहे. हा नी आणि आपला संस्कृत जानु, म्हणजे आजानुबाहू मधला, एकाच मुळाचे. आणि नो, म्हणजे जाणणे, के-एन-ओ-डब्ल्यू, हा आपल्या ज्ञा धातूचा भाऊ! नातीला मी म्हटलं, "ज्ञानेश्वर लिहिताना ज्ञ मध्ये कोण कोण असतं?" ज आणि ञ. "आणि आपण म्हणतो काय?" द्न्यानेश्वर. हिंदीवाले म्हणतात ग्यानेश्वर. लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच, हा खोडसाळपणा आपणही करतोच की.

तिला ते किती पोचलं कोण जाणे. "म्हणजे दहात किती झाले?" एवढंच तिनं विचारलं.

आमच्या घरी पुढे हा खेळच झाला. मूळ खेळ तुमच्या-आमच्या लहानपणचाच, नाव-गाव-फळ-फूल. कुणीतरी मनात बाराखडी म्हणायची, दुसऱ्यानं "थांब" म्हणायचं, आलेल्या अक्षरावर कागदात रकाने भरायचे. एकट्याला सुचलेल्या उत्तराला दहा, दोघांचं सारखं आलं तर पाच पाच. आम्ही इंग्रजीत खेळायचो. गावाच्या रकान्यात ह्यांना कुणी हरवू शकत नसे, ती तर त्यांची रोजची भाकरी. एक्स आला की सगळे ओरडायचे. १७५५ च्या डॉ. जॉन्सनच्या एवढ्या मोठ्या डिक्शनरीत एक्सखाली एकही शब्द नव्हता, तर आमची काय कथा! आपल्या अंकलिपीत ण बाणाचा आणि ळ बाळाचा, तसं इंग्रजी पुस्तकात एक्स बॉक्सचा. सुरुवातीला जागा मिळाली नाही म्हणून शेवटी का होईना बसवून घेतलेला. मुलगा एकदा एम वर अडला तेव्हा हे म्हणाले, "मुंगूस लिही." तो म्हणाला, "बाबा, इंग्रजीत!" हे म्हणाले, "इंग्रजीतच सांगतोय. मंगूस. आपल्याकडूनच नेलंय त्यांनी." खरंच आहे ते. शब्दकोशात मुळाशी मराठी लिहिलेलं आहे. त्या दिवशी दहा गुण मुलाला आणि अभिमान आम्हा दोघांना.

मी २००९ मध्ये निवृत्त झाले. हे त्याआधीच झाले होते. दिवस बरे चालले होते.

दोन वर्षांपूर्वी ह्यांनी एका सकाळी दुधाची पिशवी कपाटात ठेवली. मी हसले. मग विजेचं बिल दोनदा भरलं. मग एकदा मारुती चौकात उभे राहून रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगता येईना. ज्या माणसाच्या हातून लाखो पत्ते गेले असतील त्याला स्वतःचा पत्ता. त्या रिक्षावाल्यानं मोबाइलवरून मला फोन लावला. भला माणूस, पैसे घेतले नाहीत.

मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टरीणबाई, बोलायला गोड. रक्त तपासलं, बी-१२ आणि थायरॉइडमुळेही असं होऊ शकतं म्हणून. ते ठीक निघालं. एमआरआय झाला. आणि मग समोर बसवून प्रश्नांची चाचणी. आज वार कोणता, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा. आणि त्यात त्या म्हणाल्या, "आजोबा, आता एक मिनिटात प पासून सुरू होणारे जितके शब्द आठवतील तितके सांगायचे. गावांची, माणसांची नावं चालणार नाहीत."

माझ्या छातीत धस्स झालं आणि दुसऱ्याच क्षणी जीव भांड्यात पडला. म्हटलं, हा तर आमचा खेळ! यात हे पैकीच्या पैकी.

हे म्हणाले, "पाणी. पान. पेन. पंखा." थांबले. छताकडे पाहिलं. "परात." पुन्हा थांबले. मग एकदम चेहरा खुलला आणि सुरू झाले, "पलूस, पाटण, पंढरपूर, पन्हाळा, पाचगणी, परळी, पैठण, पुसेसावळी..." हात हवेत हलत होता. खणात टाकत होते.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, गावं नकोत."

हात थांबला.

मी खुर्चीच्या कडेवर आले होते. ओठांवर शब्द होते. पत्र! पोस्ट! पाकीट! पार्सल! पिनकोड! अहो, तुमचं सगळं आयुष्य प मध्ये आहे! मी "पो..." म्हटलं असावं, कारण डॉक्टरीणबाईंनी हात वर करून मला थांबवलं. ३० वर्षं मी परीक्षेत पुटपुटणाऱ्या पोरांना तसंच थांबवलं होतं. घड्याळाचा काटा फिरून आला. पाच शब्द.

पुढे प्राण्यांची नावं एका मिनिटात. गाय, बैल, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर, आणि मग पुन्हा गाय.

बाईंनी नंतर मला समजावून सांगितलं. ही अक्षराची चाचणी जुनी आहे आणि जगभर वापरतात. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या एका प्रचलित चाचणीत एफ हे अक्षर असतं आणि मिनिटात ११ शब्द आले की गुण मिळतो. अक्षरावरून शब्द शोधताना मेंदूचा पुढचा भाग जास्त राबतो. प्राणी, भाज्या असे अर्थाच्या गटातले शब्द काढताना कानाजवळच्या भागावर जास्त भार येतो, आणि अल्झायमरमध्ये बहुधा हे दुसरं काम आधी अडखळतं. ह्यांची सुरुवात आहे, असं त्या म्हणाल्या. गोळी लिहून दिली, पण ती आजार मागे फिरवत नाही हेही स्पष्ट सांगितलं.

मी विचारलं, "आम्ही घरी हा खेळ रोज खेळलो तर?"

"जरूर खेळा," त्या म्हणाल्या. "पण औषध म्हणून नका खेळू. त्यानं आजार थांबणार नाही. ह्यांना मजा येत असेल तोवर खेळा. आणि बाई, परीक्षा नका घेऊ."

हे शेवटचं सगळ्यात अवघड. चूक दिसली की लाल पेन काढायचा हात आहे माझा. पहिले काही दिवस मी "आठवा, आठवा, काल सांगितलं होतं" करत राहिले, आणि एकदा हे ताटावरून उठून गेले. त्या रात्री मी फार रडले. दुसऱ्या दिवसापासून नियम बदलले. गावांची नावं चालतात. तोच शब्द दोनदा चालतो. मराठी, इंग्रजी, काहीही चालतं. गुण कुणालाच नाहीत.

सकाळी चहाच्या वेळी जुनी पोस्टाची डायरी काढतो. तिच्यात त्यांचंच सुंदर अक्षर आहे, ठसठशीत, उजवीकडे किंचित झुकलेलं. मी अक्षर म्हणते, हे म्हणतात ते म्हणतात. कधी दहा शब्द, कधी दोन. गेल्या महिन्यात डब्ल्यूच्या पानावर एकही शब्द आला नाही. मी गप्प बसले, शिकले आहे आता. थोड्या वेळानं ह्यांनी कप खाली ठेवला, हात पुढे केला आणि मनगट गोल फिरवलं. शब्द नाही आला. पण मनगट बरोबर फिरलं.

रविवारी नातीचे के चे दहा झाले. शेवटचा खाकी, तोही आपल्याकडूनच गेलेला, ह्यांच्या गणवेशातला. फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "आजी, पुढच्या आठवड्यात क्यू आहे. क्यू चे तर नसतातच. क्वीन सोडून कुठला सांगू?"

मी "क्वेश्चन" म्हणायला तोंड उघडलं, तोच पलंगावरून आवाज आला, "क्वायट."

"आबा, स्पेलिंग?"

"ते आजीला विचार," हे म्हणाले. "तिनं एकदा रजेच्या अर्जात लिहिलं होतं."